तिकीट कोणाचे, मत कोणाचे?



आमच्या साक्षरता वर्गात रात्रीचे वाचन संपले, की घटकाभर गप्पा होतात. गावात सरपंचाची निवडणूक तोंडावर आली होती, तेव्हाची ही गोष्ट. पाटीवरचे अक्षर पदराने पुसत एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, नाव तर वरूनच ठरून आलंय म्हणतात. मग आम्ही बोटाला शाई लावून घ्यायची ती कशापायी?"

त्यांच्या पलीकडे एक अण्णा बसले होते. मुंबईच्या गोदीत तीस वर्षे काम करून ते गावी परतलेले. ते म्हणाले, "आजी, तुम्हाला सरपंचाला मत तरी देता येतं. मी मुंबईत नगरसेवकाला मत दिलं. पण महापौराला मत द्यायला मला कधी कुणी बोलावलं नाही. गुरुजी, जगात कुठं लोक महापौराला मत देतात का हो?"

प्रश्न दोन होते. पण एका शहराची हकीकत सांगितली, तर दोन्हींचे उत्तर मिळते, असे आम्हाला वाटले. ती हकीकत आम्ही वर्गात सांगितली. तीच येथे लिहीत आहोत.

महापौर कोण निवडतो?

आधी अण्णांचा प्रश्न घेऊ. मुंबईचे मतदार आपापल्या प्रभागातून नगरसेवक निवडतात. हे नगरसेवक मग आपल्यातून एकाला महापौर करतात. त्याची मुदत अडीच वर्षांची. तो सभेचा अध्यक्ष आणि शहराचा पहिला मान त्याचा. पण रोजच्या कारभाराची बरीचशी सत्ता महापालिका आयुक्तांच्या हाती असते. आयुक्तांना राज्य सरकार नेमते. म्हणून अण्णांना महापौरासाठी मत द्यायची वेळच आली नाही.

सगळीकडे मात्र असे नाही. उत्तर प्रदेशात लखनऊ, कानपूर या शहरांचे महापौर लोक थेट मत देऊन निवडतात. आणि सन २००० पासून इंग्लंडची राजधानी लंडन हिचाही महापौर लोकच निवडतात. लंडनमधली ती पहिली निवडणूक फार गाजली. का गाजली, ते आता ऐका.

धनी नसलेले शहर

लंडन हे थेम्स नदीवर वसलेले मोठे शहर. त्याचे ३२ विभाग आहेत, आणि मधोमध जुने व्यापारी पेठेचे शहर. दर विभागाची स्वतःची नगरसभा आहे. कचरा, शाळा, गल्लीतले रस्ते ही कामे ती पाहते. पण आगगाडी, बस, आगीचे बंब ही कामे एका विभागापुरती नसतात. साऱ्या शहराची ती मिळून असतात. त्यासाठी पूर्वी अख्ख्या लंडनची एक मोठी सभा होती.

सन १९८१ ते १९८६ या काळात त्या सभेचे पुढारी केन लिव्हिंग्स्टन हे होते. ते मजूर पक्षाचे. देशाचे सरकार होते हुजूर पक्षाचे, आणि पंतप्रधान होत्या मार्गारेट थॅचर. दोघांचे मुळीच पटत नसे. लंडनच्या सभेची कचेरी नदीच्या एका काठाला, तर पार्लमेंट समोरच्या काठाला. लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या कचेरीच्या छपरावर एक मोठा फलक लावला. लंडनमध्ये किती लोक बेकार आहेत, त्याचा आकडा त्यावर लिहिला. पार्लमेंटमधल्या लोकांना तो आकडा रोज दिसावा, हा हेतू. पुढे सरकारने कायदा केला आणि १९८६ साली ती सभाच मोडून टाकली.

त्यानंतर चौदा वर्षे साऱ्या शहराने मिळून निवडलेले असे कोणी उरले नाही. विभाग होते, पण घराला कर्ता नव्हता.

१९९७ साली मजूर पक्ष निवडून आला. टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले. लंडनला पुन्हा स्वतःचा कारभारी असावा काय, असे १९९८ च्या मे महिन्यात लोकांनाच विचारण्यात आले. मत देणाऱ्यांपैकी शेकडा ७२ जणांनी होकार दिला. मग कायदा झाला. थेट निवडलेला एक महापौर, आणि त्याच्यावर नजर ठेवायला २५ जणांची सभा, अशी व्यवस्था ठरली. निवडणुकीचा दिवस होता ४ मे २०००.

एक खुलासा करतो. लंडनच्या जुन्या व्यापारी पेठेचा 'लॉर्ड मेयर' म्हणून एक मानकरी शेकडो वर्षांपासून असतो. तो वेगळा. आम्ही सांगतो आहोत तो साऱ्या लंडनचा महापौर.

पक्षांनी आपला माणूस कसा ठरवला?

निवडणूक लोकांची खरी, पण तिच्याआधी आणखी एक निवडणूक होते. ती पक्षाच्या घरात होते. पक्षाचे तिकीट कोणाला, हे तेथे ठरते. आजींचा प्रश्न नेमका येथे येतो.

हुजूर पक्षाने आपल्या सभासदांची मते घेतली. सभासदांनी जेफ्री आर्चर या गाजलेल्या कादंबरीकाराला पसंती दिली. स्टीव्हन नॉरिस हे वाहतूक खात्याचे माजी मंत्री. ते मागे पडले. पण थोड्याच दिवसांत आर्चर यांचे जुने प्रकरण बाहेर आले. एका जुन्या बदनामीच्या खटल्याच्या वेळी आपल्यासाठी खोटे सांगायला त्यांनी एका मित्राला गळ घातली होती. १९९९ च्या नोव्हेंबरात त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे २००१ साली न्यायालयाने त्यांना चार वर्षांची कैद दिली. मग पक्षाने नॉरिस यांना उभे केले. नावाला भुलून माणूस निवडला की पंचाईत होते, ती अशी.

मजूर पक्षात तर खरी चुरस. लिव्हिंग्स्टन यांना उभे राहायचे होते. पण पंतप्रधान ब्लेअर यांना ते नको होते. पक्षाच्या वरच्या मंडळींनी फ्रँक डॉब्सन यांना पुढे केले. डॉब्सन हे आरोग्यमंत्री होते. मंत्रिपद सोडून ते या कामासाठी आले. ग्लेंडा जॅक्सन या नामांकित नटी, नंतर पार्लमेंटच्या सभासद झालेल्या; त्याही इच्छुक होत्या.

आता निवड कशी करायची? पक्षाने मतांचे तीन सारखे वाटे केले. पहिला वाटा लंडनमधल्या पक्षाच्या पार्लमेंट सभासदांचा आणि नव्या सभेच्या उमेदवारांचा. ही माणसे सगळी मिळून पाऊणशेच्या आसपास. दुसरा वाटा पक्षाच्या साध्या सभासदांचा. हे हजारोंच्या संख्येने. तिसरा वाटा कामगार संघटनांचा.

वाटे सारखे, पण माणसे सारखी नाहीत. समजा, आपल्या गावात विहीर कुठे खणावी हा प्रश्न आहे. तीन वाटे केले. एक वाटा पाच पंचांचा, एक वाटा गावच्या साऱ्या बायकांचा, एक वाटा साऱ्या पुरुषांचा. आता एका पंचाच्या मताचे वजन किती झाले, ते तुम्हीच ठरवा.

लंडनमध्ये तसेच घडले. साध्या सभासदांत शंभरपैकी सुमारे ६० मते लिव्हिंग्स्टन यांना आणि ४० डॉब्सन यांना. कामगार संघटनांत सुमारे ७२ लिव्हिंग्स्टन यांना आणि २८ डॉब्सन यांना. पण पाऊणशे बड्या मंडळींच्या वाट्यात शंभरपैकी ८६ च्या वर मते डॉब्सन यांना पडली. तिन्ही वाटे एकत्र केले, तेव्हा डॉब्सन ५१.५ आणि लिव्हिंग्स्टन ४८.५ असा हिशेब आला. २० फेब्रुवारी २००० रोजी डॉब्सन यांना तिकीट मिळाले.

हे सारे नियमाने झाले. चोरी झाली असे म्हणता येणार नाही. पण नियम असा बांधला होता, की थोड्यांचे पारडे पुष्कळांहून जड व्हावे. लंडनच्या लोकांना हे दिसले.

मोडलेला शब्द

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली, तर आमच्या हातून अन्याय होईल.

पक्षाचा जो उमेदवार ठरेल त्याच्याविरुद्ध आपण उभे राहणार नाही, असे लिव्हिंग्स्टन यांनी आधी सांगितले होते. तिकीट हुकले. दोन आठवडे त्यांनी विचार केला, आणि ६ मार्च रोजी अपक्ष म्हणून उभे राहत असल्याचे जाहीर केले. दिलेला शब्द मोडला. पक्षाने त्यांना काढून टाकले.

वर्गात येथे दोन तट पडले. आजी म्हणाल्या, "बरं केलं. आधी त्यांनी डाव टाकला." अण्णा म्हणाले, "नाही आजी. खेळायला बसलो तर हार-जीत सोसायची. निकाल बघून नियम वाईट म्हणायचा, हे काही खरं नव्हे." आम्हाला विचाराल, तर अण्णांच्या बोलण्यात तथ्य आहे. आजींच्याही आहे. मतदाराला निवड करायची असते ती अशाच माणसांतून. एकाचे तिकीट नियमाच्या जोरावर आलेले, दुसऱ्याने शब्द मोडलेला. धुतल्या तांदळासारखा उमेदवार कधी दिसतो, कधी दिसत नाही. मत मात्र द्यावेच लागते.

कोण काय म्हणत होते?

एकंदर ११ उमेदवार उभे होते. प्रत्येकाला लंडनभरच्या ३३० मतदारांच्या सह्या आणाव्या लागल्या, आणि १०,००० पौंड अनामत भरावी लागली. शेकडा ५ हून कमी मते पडली, तर ती अनामत जप्त व्हायची.

त्यांतले चार मोठे. मजूर पक्षाचे डॉब्सन, हुजूर पक्षाचे नॉरिस, उदारमतवादी लोकशाही पक्षाच्या सुझन क्रेमर, आणि अपक्ष लिव्हिंग्स्टन.

वादाचा मोठा विषय होता वाहतुकीचा. लंडनमध्ये जमिनीच्या पोटातून आगगाड्या धावतात. त्या जुन्या झाल्या होत्या. दुरुस्तीला पुष्कळ पैसा हवा होता. रूळ आणि डबे नीट ठेवण्याचे काम खासगी कंपन्यांना बरीच वर्षे देऊन टाकावे, असे सरकारचे मत. डॉब्सन हे सरकारच्या बाजूचे. लिव्हिंग्स्टन म्हणत, रोखे काढून लोकांकडून कर्ज उभारू, पण काम आपल्याच हाती ठेवू.

दुसरा विषय रस्त्यावरच्या गर्दीचा. शहराच्या मध्यभागी मोटार आणणाऱ्याकडून पैसे घ्यावेत, म्हणजे गर्दी हटेल, असे लिव्हिंग्स्टन यांचे म्हणणे. नॉरिस यांचा त्याला विरोध. म्हणजे मतदारापुढे नुसती तोंडे नव्हती, कामेही होती. बसने जाणाऱ्या मोलकरणीला आणि मोटारीने जाणाऱ्या दुकानदाराला आपापला नफा-तोटा पाहून ठरवता येत होते.

मतपत्रिकेवर दोन फुल्या

त्या निवडणुकीत मत देण्याची तऱ्हा निराळी होती. मतपत्रिकेवर दोन रकाने होते. पहिल्या रकान्यात पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे फुली. दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या पसंतीच्या उमेदवारापुढे फुली. आधी फक्त पहिल्या फुल्या मोजायच्या. कोणाला निम्म्याहून जास्त पडल्या, तर तो निवडून आला. तसे झाले नाही, तर वरचे दोघे ठेवायचे आणि बाकीचे बाद करायचे. बाद झालेल्यांच्या मतदारांनी दुसरी फुली या दोघांपैकी कोणाला दिली आहे, ते पाहायचे. ती मते त्या दोघांच्या मतांत मिळवायची. ज्याची बेरीज जास्त, तो महापौर.

पहिल्या फुल्या मोजल्या, तेव्हा मते अशी पडली होती :

लिव्हिंग्स्टन (अपक्ष) — ६,६७,८७७
नॉरिस (हुजूर) — ४,६४,४३४
डॉब्सन (मजूर) — २,२३,८८४
क्रेमर (उदारमतवादी लोकशाही) — २,०३,४५२

निम्म्याहून जास्त कोणालाच नव्हती. मग दुसऱ्या फुल्या मिळवल्या. लिव्हिंग्स्टन यांची बेरीज झाली ७,७६,४२७ आणि नॉरिस यांची ५,६४,१३७. पक्षाने नाकारलेला माणूस महापौर झाला. देशावर राज्य करणाऱ्या पक्षाचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या जागेवर राहिला.

आजी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे वरून आलेलं नाव खालच्यांनी परत धाडलं म्हणायचं!"

पुढे काय झाले?

लिव्हिंग्स्टन यांनी बोलल्याप्रमाणे १७ फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारीवर दिवसाला ५ पौंड आकार बसवला. भुयारी आगगाडीच्या बाबतीत मात्र त्यांचे चालले नाही. सरकारने कंपन्यांनाच काम दिले. ते न्यायालयात गेले आणि हरले. थेट निवडून आलेल्या माणसाच्याही हाताला मर्यादा असते, हे यावरून कळावे.

२००४ च्या जानेवारीत मजूर पक्षाने त्यांना परत घेतले. जूनमध्ये ते पक्षाचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. ज्या पक्षाने हाकलले, त्याच पक्षाने पुढे तिकीट दिले. मतांची ताकद ती ही. मग २००८ साली हुजूर पक्षाच्या बोरिस जॉन्सन यांनी त्यांना हरवले. लोकांनी चढवले आणि लोकांनीच उतरवले.

२०१६ साली सादिक खान हे मजूर पक्षाचे उमेदवार महापौर झाले. त्यांचे वडील पाकिस्तानातून आलेले, लंडनमध्ये बस चालवणारे. २०२१ व २०२४ साली ते पुन्हा निवडून आले. दोन फुल्यांची पद्धत मात्र पुढे कायद्याने गेली. २०२४ ची निवडणूक आपल्यासारखीच, एका माणसाला एक मत, अशी झाली.

घरी बसलेले लोक

आता एक कडू आकडा सांगतो. सन २००० च्या त्या निवडणुकीत मतदार होते ५० लाखांच्या वर. मत द्यायला आले शंभरातले अवघे ३४. म्हणजे तीन मतदारांत दोघे घरी बसले. लिव्हिंग्स्टन यांना पहिल्या पसंतीची जी मते पडली, ती साऱ्या मतदारांच्या मानाने शंभरात १३ भरतात. चौदा वर्षांनी शहराला कर्ता मिळायचा होता, तरीही ही गत.

जे घरी बसले, त्यांच्याही मोटारीवर पुढे आकार बसला. त्यांनाही त्याच गाडीने जावे लागले. मत दिले नाही म्हणून कारभार कोणाला सोडत नाही.

आम्ही शिक्षक होतो, तेव्हा पुष्कळ निवडणुकांत मतदान केंद्रावर बसलो आहोत. यादीत नाव असून न आलेल्यांच्या ओळी संध्याकाळी तशाच कोऱ्या राहत. त्या ओळींतली पुष्कळ नावे आमच्या ओळखीची असत. वर्षभर पाण्याची, रस्त्याची तक्रार करणारी माणसे ती. त्या कोऱ्या ओळी पाहून आम्हाला फार वाईट वाटे.

आपल्या गावाचे काय?

आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट मतदारांनी निवडावा असे ठरले. २०२० साली ते बदलले. २०२२ साली पुन्हा थेट निवड आली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हे नसतात. तरी पक्ष आणि गट आडून असतातच. बैठक कोणाच्या तरी वाड्यावर होते, आणि नाव ठरते.

नाव ठरवणे वाईट नव्हे. दहा जणांनी बसून एक माणूस पुढे करायचा, ही रीतच आहे. पक्ष नसते, तर लंडनच्या ५० लाख मतदारांनी कोणाकोणाची नावे तपासली असती? पण नाव पुढे करणारे कोण, किती आणि कशासाठी, हे विचारण्याचा हक्क आपला. तिकीट देणारे देतात. त्या तिकिटावर गाडीत चढू द्यायचे की नाही, हे मतदार ठरवतो.

आजींना आम्ही एवढेच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मतदानाच्या दिवशी सकाळी त्या केंद्रावर रांगेत दिसल्या. आल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, अंगठा नाही उठवला. सही केली. आणि नावं सगळी वाचली, वरपासून खालपर्यंत."

मत कोणाला दिले, ते आम्ही विचारले नाही. विचारायचे नसते.

वाचा आणि आपसांत बोला

१. मुंबईचा महापौर आणि लंडनचा महापौर यांच्या निवडीत फरक कोणता?
२. मजूर पक्षाने मतांचे तीन सारखे वाटे केले. त्यात कोणाच्या मताला वजन जास्त आले? का?
३. लिव्हिंग्स्टन यांनी शब्द मोडला. तुम्ही लंडनचे मतदार असता, तर त्यांना मत दिले असते काय?
४. तुमच्या गावात सरपंचपदासाठी नावे कोण ठरवतो? त्या बैठकीला बायका असतात काय?